उंदराच्या कानावरून लेकराचा कान कसा कळणार?

प्रश्न: मुलगा दोन वर्षांचा आहे. नागपूरची थंडी सुरू झाली की सर्दी, अन् सर्दी झाली की दोन-चार दिवसांत कान, रात्रभर रडतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपतो, पुढच्या सर्दीला परत तेच. दीर म्हणतात यावरचं संशोधन उंदरांवर झालंय, त्याचा आपल्या लेकराला काय उपयोग? आणि मुक्या जिवांना मुद्दाम आजारी पाडायचं हे मला पटत नाही.
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, उंदरांवर काम झालंय हे खरं, पण या आजारात, म्हणजे मधल्या कानाच्या संसर्गात, सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला प्राणी वेगळाच आहे, चिंचिला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, मऊ दाट केसांचा, सशाहून लहान. त्याच्या मधल्या कानाची पोकळी शरीराच्या मानाने खूप मोठी असते आणि वरचं हाड पातळ, म्हणजे पडद्याला धक्का न लावता आतलं पाणी तपासायला घेता येतं. ऐकणंही बरंचसं माणसासारखं, उंदराला मात्र आपल्या बोलण्यातले खालचे स्वर नीट ऐकूच येत नाहीत.

अमेरिकेत मिनेसोटात १९७०च्या दशकापासून चिंचिलावर काम झालं. नाकात नुसते न्यूमोकोकस (कान बिघडवणारे एक नेहमीचे) जंतू सोडले तर कान कमी वेळा बिघडायचा, पण सोबत फ्लूचा व्हायरस दिला की प्रमाण एकदम वाढायचं. तुमच्या घरी आधी सर्दी, मग कान, हा क्रम योगायोग नाहीये, व्हायरसने घशापासून कानापर्यंतची नळी सुजते, आणि लहान मुलांत ती नळी आखूड अन् आडवी असल्याने जंतूंना रस्ता सोपा. मग २००२ मध्ये चिंचिलाच्याच कानात दिसलं की जंतू चिकट थर करून बसतात, २००६ मध्ये तेच थर वारंवार कान बिघडणाऱ्या मुलांच्या कानातही सापडले. अशा थरातल्या जंतूंपर्यंत औषधाचा मारा नीट होत नाही, आजार उलटण्याचं हे एक मोठं कारण.

उंदीर कुठे लागतो म्हणाल तर जीन्ससाठी. जुनबो नावाच्या उंदराच्या जातीत एका जीनमधल्या बदलामुळे कान आपोआप बिघडतो, काही घरांत कानाचा त्रास जास्त का, हे शोधायला त्याचा उपयोग. पण पूर्ण लेकरासारखा प्राणी कुठलाच नाही, म्हणून लस आली तरी शेवटी मुलांवर चाचणी घेऊनच ठरवावं लागतं.

मुक्या जिवांचं दुःख मलाही लागतं. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते, आणि जे काम पेशींवर होऊ शकतं ते प्राण्यावर करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचं काम. लसीचं कार्ड काढा, पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकसवरच्या लसीचे, डोस झालेत का बघा, सरकारी केंद्रात ती फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. राहिले असतील तर डॉक्टरांना विचारा. सगळे जंतू तिने अडत नाहीत, हिमोफिलस नावाच्या जंतूनेही कान बिघडतो, पण पेंटाव्हॅलंट लस त्याच्या ज्या हिब प्रकाराला अडवते तो वेगळा आणि कानातला बहुतेक वेळा वेगळा. दरवर्षीच्या फ्लूच्या लसीचंही विचारा. झोपवून बाटली देऊ नका, घरात बिडी-सिगारेट नको, आणि लसणाचं गरम तेल कानात अजिबात घालू नका, पडदा फुटलेला असला तर आत जातं.

अजून एक. मेलेले न्यूमोकोकस कानात सोडले तरी चिंचिलाच्या कानात पाणी भरलं होतं. म्हणजे औषधाने जंतू मेले, ताप उतरला, तरी पाणी राहू शकतं, दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. तीन महिने पाणी तसंच असेल तर ईएनटीकडे ऐकण्याची तपासणी करून घ्या, दोन वर्षांचं पोर बोलायला शिकतंय.