मेगर ओके, तेल ओके, तरी फॉल्टनंतर ट्रान्सफॉर्मर चार्ज (म्हणजे सप्लाय देऊन चालू) का करत नाहीत? आतली वाइंडिंग (तारेची गुंडाळी) सरकलीय हे न उघडता कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या तुमच्या सबस्टेशनला ११ केव्ही फिडरवर (बाहेर जाणाऱ्या लाइनवर) अगदी बुशिंगजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून तार बाहेर येते त्या इन्सुलेटरजवळ, फॉल्ट झाला. ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला, मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सची टेस्ट) आणि तेलाचं बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) चांगलं आलं, तरी टेस्टिंगवाले थांबा म्हणतात आणि ऐन रब्बीत मोटारी बंद आहेत. लोकांचा त्रास मला कळतो, मीही मराठवाड्यात टेस्टिंगचंच काम करतो. पण टेस्टिंगवाल्यांचं बरोबर आहे.

मेगर इन्सुलेशनची हालत सांगतो, वाइंडिंग जागेवर आहे का ते सांगत नाही. तेलातल्या वायूंची तपासणीसुद्धा आत काही तापलं किंवा ठिणगी पडली तरच बोलते. नुसत्या वाकलेल्या वाइंडिंगचा तेलाला पत्ताही लागत नाही.

नेमप्लेट बघा. ३३/११ केव्ही, ५ एमव्हीएला इंपिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) बहुधा ७.१५ टक्के असतो. म्हणजे बुशिंगजवळच्या शॉर्टला फुल लोडच्या १४ पटीपर्यंत करंट जातो. बल करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळजवळ २०० पट! आतली एलव्ही (कमी व्होल्टेजची वाइंडिंग) कोअरकडे, म्हणजे मधल्या लोखंडी गाभ्याकडे, दाबली जाते, बाहेरची एचव्ही (जास्त व्होल्टेजची) बाहेर ताणली जाते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रेसबोर्ड (इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा) आकसून वाइंडिंग आवळून धरणारं क्लॅम्पिंग ढिलं झालेलं असू शकतं, तिथे धोका जास्त. वाइंडिंग सरकलेला ट्रान्सफॉर्मर चार्ज केला तर लोडही घेऊ शकतो. पुढच्या फॉल्टला मात्र जळू शकतो.

यासाठी मोठ्या ट्रान्सफॉर्मरला एसएफआरए (स्वीप फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अॅनालिसिस) ही टेस्ट करतात. साधारण २० हर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत छोटा सिग्नल वाइंडिंगच्या एका टोकाला देऊन दुसऱ्या टोकाला किती पोचला त्याचा आलेख काढायचा. वाइंडिंग हलली की तिचं इंडक्टन्स-कपॅसिटन्स बदलतं आणि आलेखातले चढउतार सरकतात. आयईसी ६००७६-१८ हे त्याचं मानक, २०१२ चं. कडेच्या दोन फेज जुळतात, मधली कमी फ्रिक्वेन्सीला वेगळी येते. ते कोअरच्या बांधणीमुळे, त्याला बिघाड समजू नका. रेझिस्टन्सची डीसी टेस्ट आधी केली असेल तर कोअरमध्ये चुंबकत्व राहून आलेखाची सुरुवात बदलते, म्हणून एसएफआरए आधी घ्यावा. बुशिंगच्या फ्लँजवरचा (बुडाच्या धातूच्या कडीवरचा) रंग न घासता अर्थ क्लिप लावली तर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटा फरक दिसतो.

पण आधीचा आलेख नसेल तर निदान अर्धंच होतं. नवा ट्रान्सफॉर्मर बसवताना काढलेला आलेख फाइलमध्ये जपून ठेवायला हवा, आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. हे मला फार खटकतं.

५ एमव्हीएला एसएफआरएचं यंत्र लवकर मिळत नाही. तेव्हा परमिट घेऊन, दोन्ही बाजू आयसोलेट करून, टेस्टिंगवाल्यांकडून इंपिडन्स टेस्ट करून घ्या. टॅप (व्होल्टेज कमीजास्त करायची जागा) नॉर्मलला ठेवा, ११ केव्हीची तिन्ही बुशिंग जाड केबलने शॉर्ट करा आणि ३३ च्या बाजूला ४१५ व्होल्ट थ्री फेज द्या. ७.१५ टक्क्यांना साधारण १५ अँपिअर यायला हवेत. आपल्याकडे व्होल्टेज सारखं खालीवर होतं, म्हणून व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी वाचा. ट्रान्सफॉर्मर शॉर्टसर्किट सोसतो का ते बघायच्या टेस्टनंतर रिअॅक्टन्स (इंपिडन्सचा मुख्य भाग) २ टक्क्यांहून जास्त बदलू नये, अशी गोल वाइंडिंगच्या १०० एमव्हीएपर्यंतच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६००७६-५ ची अट आहे. तोच अंदाज इथे धरा.

एखाद्या फेजला करंट वेगळा आला, तर टॅन डेल्टा किटवर (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) वाइंडिंगचा कपॅसिटन्स मोजून घ्या. तोही जुन्या रीडिंगपेक्षा सरकला असेल तर चार्ज न करता ट्रान्सफॉर्मर उघडायला पाठवा, आणि तोवर लोड शेजारच्या सबस्टेशनवरून घ्या.