छातीवर बसणारी हडळ आणि रात्रपाळी

रात्रपाळी करून सकाळी सातला लालबागच्या खोलीवर येऊन आडवं व्हायचं, डोळा लागतो न लागतो तोच दारात बाई उभी, छातीवर दाब, हाक मारावी तर आवाज फुटत नाही, हे काय असतं, असं तुम्ही विचारलंय. आजी म्हणतात हडळ आहे, उशाखाली सुरी ठेव. तुमच्या प्रश्नात मला हडळीपेक्षा ती सातची वेळ महत्त्वाची वाटते.

स्वप्नं पडतात त्या 'रेम' झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. डोळे आणि श्वासपटल (छातीखालचा श्वासाचा स्नायू) तेवढं चालू असतं. एरवी ही झोप तास-दीड तासाने येते, पण तिचा जोर पहाटेपासून सकाळपर्यंत. रात्रभर जागून नेमके तेव्हाच झोपलात की ती लगेच येऊ शकते, आणि भान असतानाच अंग जखडतं. याला 'स्लीप पॅरालिसिस' म्हणतात. बरगड्यांचे स्नायूही सैल असल्याने खोल श्वास घेता येत नाही, तोच तो दाब. स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे खोलीतच सुरू राहतं, म्हणून दारात बाई.

जुन्या लोकांनी हे अचूक टिपलंय. १६६४ साली डच वैद्य फान डिमरब्रुक याने पन्नाशीच्या एका बाईची हकिगत छापली: छातीवर कधी सैतान, कधी मोठा कुत्रा, कधी चोर. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला छातीवर बसणारी म्हातारी असते, तर जपानात 'कानाशिबारी', म्हणजे धातूने जखडणं. इंग्रजी 'नाईटमेअर'मधला 'मेअर' हाही छातीवर बसणारा पिशाच्चच, घोडीला इंग्रजीत 'मेअर'च म्हणतात, पण तिच्याशी त्याचा संबंध नाही. चित्रकार फ्युसेलीच्या १७८१च्या 'द नाईटमेअर' या चित्रात मात्र पडद्याआडून घोडा डोकावतो!

पुन्हा झालं तर उठायची धडपड नको, तिने घाबरणं वाढतं. श्वास सावकाश सोडा, पायाचा अंगठा किंवा जीभ हलवून बघा. बहुधा काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत सुटतं. सुटल्यावर लगेच डोळे मिटू नका, परत तिथेच अडकाल. उठून तोंड धुवा. हे उताणं झोपल्यावर जास्त होतं. कूस टिकत नसेल तर बनियनला पाठीमागे खिसा शिवून टेनिसचा चेंडू ठेवा. खिडकीला जाड पडदा लावा आणि सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नका. सुरी मात्र उशाखालून काढाच, चाचपडताना बोट कापेल.

दिवसा झोप अनावर होत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघे ढिले पडत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. तो नार्कोलेप्सी हा झोपेचा विकार असू शकतो.