तांबडा-पांढरा रस्सा सोडू का?

प्रश्न : ताई नमस्कार. वय ४६, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, हार्डवेअरचं दुकान आहे, सकाळी नऊ ते रात्री नऊ काउंटरवर बसून. वडलांना ५४ व्या वर्षी अटॅक आला होता. परवा चेकअप केलं तर बीपी १४४/९२ आणि कोलेस्ट्रॉल जास्त, तेव्हापासून पुण्यातला भाचा रोज व्हिडिओ पाठवतोय की मामा भाकरी-रस्सा बंद, मेडिटेरेनियन डाएट, म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं जेवण, चालू करा, आणि बायकोनं ऑलिव्ह ऑइलची बाटली आणून ठेवलीय ती बघूनच भूक मरते. आठवड्यातनं तीनदा मटण, रविवारी मिसळ, जेवल्यावर तंबाखूची चिमूट. घरात चार माणसं, तेलाचा १५ लिटरचा डबा तीन महिने जातो. खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, भाचा निम्मा बरोबर आहे. १९५८ पासून सात देशांतल्या ४० ते ५९ वयाच्या पुरुषांचा अभ्यास झाला (सगळे पुरुषच, म्हणजे तुमचीच पंगत), त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लोकांत हृदयविकार सगळ्यात कमी आणि पूर्व फिनलंडमध्ये सगळ्यात जास्त निघाला, तिथनं हे ऑलिव्ह ऑइलचं कौतुक सुरू झालं. पण नंतर डेन्मार्कवाल्यांनी स्वतःच्याच ताटातल्या सहा गोष्टी मोजल्या, मासे, कोबी, राईचा ब्रेड, ओट्स, सफरचंद-नासपती आणि कंदमुळं, त्या जास्त खाणाऱ्या पुरुषांतही अटॅक कमी दिसले, आणि त्यात ऑलिव्ह ऑइलचा थेंब नाही. मग आपल्याकडची यादी कुठली? ज्वारीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, मेथी-शेपू, बुक्कीनं फोडलेला कांदा, शेंगदाण्याची चटणी, ताक, गगनबावड्याकडची नाचणी. हे सगळं तुम्हाला माहितीये, फक्त आता ते पाहुणा आल्यासारखं ताटात येतं आणि जत्रेचं जेवण रोजचं झालंय. तांबडा-पांढरा ही जत्रेची, पै-पाहुण्यांची गोष्ट होती हो, आठवड्यातनं तीनदा नव्हती. आजोबा खाऊन ठणठणीत होते असं म्हणू नका, ते दिवसभर रानात राबायचे आणि त्यांचं बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं.

आता तुमचा डबा. तीन महिन्यांत १५ लिटर म्हणजे महिन्याला पाच, माणशी सव्वा लिटर, दिवसाला जवळजवळ आठ छोटे चमचे, आणि बाहेरची मिसळ यात धरलेलीच नाही. मी चार ते पाच चमचे सांगते, चारच धरले तर हाच डबा सहा महिने जायला पाहिजे. डब्यावर आजची तारीख लिहून ठेवा, बाकी हिशोब डबाच सांगेल. तेल शेंगतेलच राहू दे, त्यातली निम्मी चरबी ऑलिव्हमधल्याच जातीची असते. बाटली आणलीच आहे तर कोशिंबिरीवर घालून संपवा, एवढी महाग वस्तू टाकून कशाला द्यायची.

मटण पंधरा दिवसांतनं एकदा, चरबी काढून, आणि रस्सा आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर जो पांढरा थर गोठलेला दिसेल तो चमच्यानं काढा, एकदा डोळ्यांनी बघितलात की दुसऱ्यांदा मला विचारणार नाही. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, तो वाटीभरच. मिसळ घरी करा, मटकी दुप्पट, फरसाण मूठभर, स्लाइस दोनच, आणि जादा कट मागायची सवय सोडा. मीठ माणशी दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापडही आलं.

पण या सगळ्याच्या आधी ती चिमूट. ती चालू ठेवून भाकरी खाल्ली तर मला तोंड दाखवू नका. भारत आणि आजूबाजूच्या देशांत पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ व्या, असं इंटरहार्ट नावाच्या अनेक देशांतल्या अटॅकच्या अभ्यासात निघालं, आणि तुमच्या वडलांचं ५४ आहे, तेव्हा साखर तपासून घ्या, बीपी परत मोजा, डॉक्टरांनी गोळी दिली तर ती घ्या, जेवण सुधारलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. आणि दुकान बंद करून रंकाळ्यावर अर्धा तास चाला, भेळ न खाता.

प्रश्न : आमचे मालक (मिस्टर) ५२ वर्षांचे, रोज गंगावेशेत म्हशीचं धारोष्ण दूध पितात, पैलवानकीच्या दिवसांपासूनची सवय. चालेल का हो ताई?

उत्तर : तालमीत होते तेव्हा जिरायचं, रोज हजार जोर मारत होते. आता म्हशीच्या एका मोठ्या पेल्यात साधारण तीन-चार छोटे चमचे तुपाएवढी चरबी जाते, आणि कच्च्या दुधातनं ताप-बिप येऊ शकतो ते वेगळंच. दूध घरी आणा, उकळा, साय काढा, अर्धा पेला द्या. मित्रांना भेटायला गंगावेशेत जाऊ देत की, फक्त चालत पाठवा.