मेडल सोन्याचं नाही म्हणून काय झालं?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही कोपरीला राहतो. मुलगी केमिस्ट्रीत एमएस्सी झाली आणि अख्ख्या युनिव्हर्सिटीत पहिली आली, मेडलपण मिळालं. पण सोबतचा चेक बघून माझे दीर म्हणाले, वहिनी एवढ्यात गावदेवी मार्केटला दोन ड्रेससुद्धा यायचे नाहीत, आणि मेडलवर नुसतं पाणी चढवलंय. पोरगी हिरमुसून बसलीये. खरंच काही उपयोग असतो का याचा?
एक आई, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, आधी लेकीचं अभिनंदन. आता दिरांचं अर्धं बरोबर आहे हो, सोन्याचा मुलामाच असतो बहुतेक मेडलांवर, पण मग ऑलिम्पिकचं गोल्ड मेडल तरी कुठे सोन्याचं असतं, चांदीवर 6 ग्रॅम सोनं असलं की झालं. आणि तो मुलामा कसा चढतो, इलेक्ट्रोलिसिस म्हणजे काय, हे काकांना तुमची लेकच समजावून सांगेल, चहा घेता घेता!

चेक छोटा का, तर अशी बक्षिसं बहुतेक कोणीतरी आई-वडिलांच्या नाहीतर आवडत्या सरांच्या नावाने ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून देतात. रक्कम ठेवली त्या काळात ते व्याज भारी वाटायचं, आता महागाई कुठल्या कुठे गेली आणि मुद्दल तिथेच. अमेरिकेत तर कित्येक कॉलेजांत फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री टॉपरला पैसे नाही, सीआरसी या प्रकाशनाचं जाडजूड हँडबुक द्यायचे, ज्यात हजारो पदार्थांचे बॉइलिंग पॉइंट वगैरे. मला कोणी दिलं असतं तर मी उशाशी घेऊन झोपलो असतो.

खरी किंमत चेकमध्ये नाहीये, पहिल्या नंबरात आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याची इन्स्पायर फेलोशिप एमएस्सीला युनिव्हर्सिटीत पहिल्या आलेल्यांना मिळू शकते, पीएचडी करायला, आणि त्यासाठी नेटची परीक्षा पास व्हावं लागत नाही. सुरुवातीला महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. म्हणजे दिरांना म्हणावं, आता करा ड्रेसचा हिशोब. वयाची अट असते तेवढी बघा, आणि मेडलचे फोटो स्टेटसला ठेवून झाले असतील तर लगेच युनिव्हर्सिटीतून पहिल्या नंबरचं सर्टिफिकेट काढायला घ्या, सहीशिक्क्याचं, ते ज्या नमुन्यात मागतात त्याच नमुन्यात. मार्कशीटवर रँक नसते आणि अर्जाची तारीख जवळ आली की तो एक कागद काढायला कलिनाला किती खेपा पडतील सांगता येत नाही.

पण नंबर आला म्हणजे दार आपोआप उघडतं असंही नाही. आपल्या कमला सोहोनी, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठात केमिस्ट्री घेऊन बीएस्सीला पहिल्या आल्या आणि तरी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये खुद्द सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून नाही म्हटलं. त्या हटल्या नाहीत, सत्याग्रह केला, मग वर्षभर बघू म्हणून घेतलं, आणि 1939 ला केंब्रिजची पीएचडी घेऊन बसल्या. हे लेकीला सांगा, दिरांना नाही सांगितलं तरी चालेल.

प्रश्न : सर मी एसवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री. सीजीपीए 7 च्या आसपास. मला मेल आलाय की बेस्ट यंग केमिस्ट अवॉर्डसाठी माझी निवड झालीये, ट्रॉफी सर्टिफिकेट सगळं मिळेल, फक्त 4,000 रुपये रजिस्ट्रेशन भरायचंय. सीव्हीसाठी भरू का?
एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नको रे बाबा. तू अर्ज केला नाहीस, रिसर्च केला नाहीस, त्यांनी तुला पाहिलंही नाही, मग निवड कशावरून केली? अशी ट्रॉफी घेऊन इंटरव्ह्यूला गेलास तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल, यात किती जण होते आणि तू काय केलंस, आणि मग तू एसीत बसून घाम पुसशील.

मेडल सीजीपीएवर मिळतं, पण सगळंच सीजीपीएवर नसतं. कॉलेजात आविष्कारची नोटीस लागते ना बोर्डावर, जिच्याकडे कोणी बघत नाही? ती राज्यातल्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांची रिसर्च स्पर्धा आहे, 2006 पासून चालू, बीएस्सीवाल्यांचा गट वेगळा असतो, म्हणजे पीएचडीवाल्या दादा-ताईंशी गाठ नाही. आधी आपल्या विद्यापीठातल्या फेऱ्या, मग राज्य. तुमच्याकडे तर शेजारीच एमआयडीसी, सांडपाण्यावर प्रोजेक्ट करायला विषय शोधत फिरावं लागत नाही, फक्त एखाद्या मॅडमच्या मागे लागून लॅब मिळव.

दुसरं, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वाशीहून हार्बर पकडलीस की खाडी ओलांडून पहिलंच स्टेशन. तिथे एनआययूएस म्हणून कार्यक्रम आहे बीएस्सीच्या पोरांसाठी, केमिस्ट्रीचा कॅम्प होतो आणि त्यातल्या निवडक मुलांना पुढे खरा प्रोजेक्ट मिळतो. तिसरं, देशातल्या तीन सायन्स ॲकॅडमींची मिळून समर फेलोशिप, सुट्टीत दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम, आणि पैसे तू नाही, ते देतात. अर्ज मात्र आदल्या वर्षीच भरायचा असतो, मे महिन्यात जाग आली तर उपयोग नाही.

आणि तो मेल डिलीट करायच्या आधी वर्गाच्या ग्रुपवर विचारून बघ, आणखी किती जण बेस्ट यंग केमिस्ट झालेत ते.