गणसंख्या, एक तृतीयांश आणि तिसरी सही: अरब जगातलं पंथांचं राजकारण

प्रश्न (कोल्हापूर): लेबनॉनला ऑक्टोबर २०२२ अखेरपासून जानेवारी २०२५पर्यंत राष्ट्राध्यक्षच नव्हता. १२८ खासदारांना एक माणूस निवडायला इतका वेळ का लागावा?

तिथे मतांइतकीच हजेरी मोजली जाते. राज्यघटनेच्या कलम ४९प्रमाणे पहिल्या फेरीत दोन तृतीयांश, म्हणजे ८६ मतं लागतात. पुढच्या फेऱ्यांत ६५ पुरतात. पण प्रत्येक फेरीला सभागृहात ८६ जण हजर हवेत, असा प्रघात पडला आहे. त्यामुळे ४३ जणांनी सभात्याग केला की निवडणूक तिथेच थांबते.

१४ जून २०२३ची बैठक बघा. जिहाद अझूर यांना ५९ आणि सुलेमान फ्रांजिये यांना ५१ मतं पडली. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चनच असतो, त्यामुळे दोघंही मॅरोनाइट. दुसरी फेरी झाली असती तर अझूर यांना आणखी सहाच मतं हवी होती. फ्रांजिये यांच्यामागे हिजबुल्ला आणि अमल हे दोन शिया पक्ष होते. पहिली फेरी संपताच त्या बाजूचे खासदार उठून गेले आणि गणसंख्या मोडली. नवी बैठक भरली की मोजणी परत ८६पासून सुरू होते. बैठक बोलावणं सभापतींच्या हातात. ते नबीह बेर्री, १९९२पासून त्या खुर्चीवर असलेले आणि अमलचे प्रमुख. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी निवडणुकीसाठी बैठक बोलावलीच नाही.

कोंडी फुटली ती बाहेरच्या घडामोडींमुळे. २०२४च्या युद्धात इस्रायलने हिजबुल्लाचं कंबरडं मोडलं, डिसेंबरमध्ये सीरियात असद यांची सत्ता गेली आणि सौदी, फ्रेंच व अमेरिकी दूत बैरूतमध्ये तळ ठोकून बसले. ९ जानेवारी २०२५ रोजी लष्करप्रमुख जोसेफ औन यांना पहिल्या फेरीत ७१ मतं मिळाली. पदावर असलेल्या लष्करप्रमुखाला निवडून यायला घटनेचीच आडकाठी आहे, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या फेरीतही ८६चाच आकडा धरला होता. मध्ये सुमारे दोन तासांची सुटी झाली, तेवढ्यात शिया पक्षांशी बोलणी उरकली आणि दुसऱ्या फेरीत ९९ मतं पडली. ही दोन तासांची सुटी ध्यानात ठेवा. लेबनॉनमधला खरा सौदा मतदानाच्या आधी किंवा दोन फेऱ्यांच्या मधे होतो, भाषणांत नाही.

प्रश्न (पुणे): मंत्रिमंडळ बनताना ‘अडवणारा एक तृतीयांश’ असा शब्द बातम्यांत येतो. शियांना अर्थखातंच का हवं असतं?

दोन वेगळी हत्यारं आहेत.

पहिलं आकड्यांचं. लेबनॉनमधलं यादवी युद्ध संपवणाऱ्या १९८९च्या ताइफ करारानंतर घटनेत दोन गोष्टी आल्या. युद्ध, आंतरराष्ट्रीय करार, अर्थसंकल्प, वरिष्ठ नेमणुका अशा बाबतींत एकमत झालं नाही तर दोन तृतीयांश मंत्र्यांची संमती लागते (कलम ६५). आणि एक तृतीयांशाहून जास्त मंत्री गेले तर सरकार आपोआप पडतं (कलम ६९). म्हणजे ३० मंत्र्यांत ११ आणि २४ मंत्र्यांत ९ आपले असले की निर्णय अडवता येतो, सरकारही पाडता येतं. मे २००८मध्ये लेबनॉनच्या गटांनी केलेल्या दोहा करारात मंत्र्यांची वाटणी सत्ताधाऱ्यांचे १६, विरोधकांचे ११ आणि राष्ट्राध्यक्षांचे ३ अशी ठरली. पुढच्या सरकारातल्या ११ मंत्र्यांनी जानेवारी २०११मध्ये राजीनामे दिले आणि साद हरीरी यांचं सरकार कोसळलं. त्या दिवशी हरीरी वॉशिंग्टनमध्ये ओबामांच्या भेटीला गेले होते.

आकडा पुरला नाही तर काय होतं, हे २००६मध्ये दिसलं. पाच शिया आणि एक ख्रिश्चन असे २४पैकी सहा मंत्री बाहेर पडले. नवव्याशिवाय सरकार पडत नाही, म्हणून पंतप्रधान फुआद सिन्योरा टिकले. पण सहजीवनाच्या कराराविरुद्ध जाणारी सत्ता वैध नाही, असं घटनेच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. सगळा शिया पंथ बाहेर असलेलं सरकार बेकायदाच, असं विरोधक म्हणू लागले. सभापतींनी संसद भरवली नाही. दीड वर्ष देश लटकला आणि शेवटी मे २००८मध्ये बैरूतच्या रस्त्यांवर गोळीबार झाला.

दुसरं हत्यार सहीचं. बहुतेक शासकीय हुकमांवर राष्ट्राध्यक्ष (मॅरोनाइट), पंतप्रधान (सुन्नी) आणि त्या खात्याचा मंत्री अशा तीन सह्या लागतात. ज्या हुकमात खर्च आहे त्यावर अर्थमंत्र्याची सही हवीच, आणि खर्च नसलेला हुकूम विरळाच. शियांकडे सभापतिपद आहे, पण सभापती हुकमावर सही करत नाही. तिसरी सही मिळवायचा मार्ग म्हणजे अर्थखातं. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधान नवाफ सलाम यांच्या २४ जणांच्या मंत्रिमंडळातही ते अमलच्या जवळच्या माणसाकडेच गेलं. मात्र नऊ जागा त्या दोन पक्षांना मिळाल्या नाहीत. म्हणूनच ऑगस्ट २०२५मध्ये शस्त्रं फक्त राज्याच्याच हाती ठेवण्याचा आराखडा लष्कराकडून मागवण्याचा निर्णय झाला, तेव्हा शिया मंत्री बैठकीतून उठून गेले, पण निर्णय अडवता आला नाही.

प्रश्न (बेळगाव): तिथे मतदार आपल्याच पंथाच्या उमेदवाराला मत देतो का?

नाही. जागा पंथाला राखीव असते, मत नाही. ६४ ख्रिश्चन जागांत ३४ मॅरोनाइटांच्या. ६४ मुस्लिम जागांत सुन्नी व शिया प्रत्येकी २७, द्रूझ ८, अलवी २. मतदारसंघातले सगळे जण सगळ्या जागांसाठी मतदान करतात. २०१७च्या कायद्यापासून एका यादीला मत द्यायचं आणि तिच्यातल्या एकालाच पसंतीचं मत. यातली मेख अशी, की मतदार राहतो तिथे मत देत नाही, कुटुंबाची मूळ नोंद जिथे आहे तिथे देतो. तीन पिढ्या बैरूतमध्ये काढलेल्या माणसालाही मतदानाला दक्षिणेतल्या गावी जावं लागतं. मग गावचा पुढारी बसचं भाडं देतो आणि कोण आलं, कोण नाही, हे त्याला बरोबर कळतं.

प्रश्न (मुंबई): आमच्या ओळखीचे काही जण इराकमधल्या नजफ-करबलाच्या यात्रेला जातात. ते सांगतात, तिथले शियाही इराणवर चिडलेले असतात. सरकार शियांचं, इराणही शिया. मग चीड कसली?

चीड वाटणीवर आहे, आणि त्या वाटणीला सांभाळणारा म्हणून इराणवर. इराकच्या घटनेत पंथनिहाय पदं कुठेच लिहिलेली नाहीत. पण जुलै २००३मध्ये अमेरिकेने नेमलेल्या २५ जणांच्या शासकीय परिषदेत १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन आणि १ ख्रिश्चन असा हिशेब धरला गेला आणि तोच पुढे पायंडा पडला. पंतप्रधान शिया, राष्ट्राध्यक्ष कुर्द, सभापती सुन्नी. हा प्रकार तीन पदांवर थांबत नाही. उपमंत्री, महासंचालक, खात्यांची कंत्राटं, सगळं पक्षांत वाटलं जातं. इराकी लोक त्याला मुहासासा म्हणतात. तेलाचा पैसा या वाटपातून जातो आणि बसरासारख्या तेलसंपन्न शहरात उन्हाळ्यात वीज नसते, नळाला खारट पाणी येतं.

ऑक्टोबर २०१९चा उठाव म्हणूनच शिया दक्षिणेत आणि बगदादमध्ये पेटला. घोषणा होती, ‘आम्हाला देश हवा आहे’. शेकडो तरुण मारले गेले. नोव्हेंबरमध्ये नजफमधला इराणी वाणिज्य दूतावास जाळला गेला. दोनच दिवसांनी, नजफमधले सर्वोच्च शिया धर्मगुरू अयातुल्ला सिस्तानी यांचं प्रवचन झाल्यावर, पंतप्रधान अब्दुल महदी यांनी राजीनामा जाहीर केला. सिस्तानींचा जन्म इराणातल्या मशहदचा, पण धर्मगुरूने राज्य चालवावं हा तेहरानचा सिद्धांत त्यांनी स्वीकारलेला नाही. नजफ आणि तेहरान यांना एकच समजणं ही बातम्यांतली नेहमीची चूक आहे.

प्रश्न (दुबईतील मराठी वाचक): सौदी अरेबिया आणि इराण यांचं भांडण मुळात शिया-सुन्नीच ना?

पंथ हे त्या भांडणातलं साधन आहे, कारण नाही. १९६२मध्ये येमेनमध्ये क्रांती झाली, तेव्हा सौदी राजघराणं जैदी शिया इमामाच्या बाजूने उभं राहिलं. समोर होता सुन्नी इजिप्त, नासर यांचा. राजेशाही टिकणं महत्त्वाचं होतं. आज सौदीला नको असलेले येमेनमधले बंडखोर हुथी त्याच जैदी समाजातले आहेत. जून २०१७मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली. चारही सरकारं सुन्नी, कतारही सुन्नी. इराण सुन्नी हमासला शस्त्रं देतो. इराण-इराक युद्धात अरब सीरियाने इराणची बाजू घेतली आणि इराकी शिया सैनिक इराणशी लढले.

जानेवारी २०१६मध्ये सौदीने शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना मृत्युदंड दिला, तेहरानमधल्या दूतावासावर जमाव चालून गेला आणि संबंध तुटले. ते जुळवताना कुणीही धर्मशास्त्र काढलं नाही. बगदाद आणि मस्कतमध्ये बोलण्याच्या फेऱ्या झाल्या, १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये सह्या झाल्या. सही करणारे दोघंही सुरक्षा सल्लागार होते, मुसाइद अल-ऐबान आणि अली शमखानी. दोन महिन्यांत दूतावास उघडायचे आणि २००१चा सुरक्षा करार पुन्हा लागू करायचा, असं ठरलं.

प्रश्न (नागपूर): लेबनॉन ही वाटणी रद्द का करत नाही?

रद्द करायचं घटनेत लिहिलेलं आहे. कलम ९५प्रमाणे निम्म्या-निम्म्या जागांच्या पहिल्या संसदेने त्यासाठी राष्ट्रीय समितीची पावलं उचलायची होती. ती संसद १९९२मध्ये आली, समिती झालीच नाही. ख्रिश्चनांची संख्या घटल्याचं सगळे धरून चालतात, पण शेवटची अधिकृत जनगणना १९३२ची. नवी घेतली तर ६४-६४ला आधार उरणार नाही, म्हणून कुणी घेत नाही. शस्त्रं एका पक्षाकडे, हिजबुल्लाकडे, असेपर्यंत राखीव जागा सोडल्या तर आपला बचाव कोण करणार, ही भीतीही खरी आहे.

आणि पंथ फक्त संसदेत नाही. देशात नागरी विवाहाचा कायदा नाही, लग्न, घटस्फोट पंथांच्या न्यायालयांत चालतात. ज्यांना ते नको ते सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंदवतात. २००९पासून सरकारी नोंदीतला पंथाचा रकाना खोडून घेता येतो, पण उमेदवारी अर्ज पंथाच्या जागेसाठीच भरावा लागतो. मे २०२२मध्ये जुन्या पक्षांविरुद्ध निवडून आलेल्या बदलवादी खासदारांनाही कुणाला मॅरोनाइट, कुणाला द्रूझ, कुणाला सुन्नी जागेवरूनच उभं राहावं लागलं.