केंद्रक म्हणजे मुळात विषाणूच, असं म्हणतात. खरं आहे का?

तुमचा प्रश्न असा: आपल्या पेशीतलं केंद्रक एखाद्या प्राचीन विषाणूपासून आलं असं वाचलं, त्यात तथ्य किती?

कल्पना वेडगळ नाही, पण सिद्धही झालेली नाही. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. इथे विषाणू म्हटलं की एनआयव्ही (इथली राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि रोगांच्या साथी, एवढंच पोरांच्या डोक्यात येतं. विषाणू पेशीला काही देऊनही जातो, हे त्यांच्या गळी उतरवताना घाम फुटतो.

२००१ मध्ये फिलिप बेल आणि जपानचे मासाहारू ताकेमुरा या संशोधकांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. तिला आधार असा: देवी रोगाच्या कुळातले विषाणू डीएनएचे असूनही पेशीच्या केंद्रकात शिरत नाहीत, बाहेर पेशीद्रवातच आपला कारखाना थाटतात. एमआरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूच्या) टोकांना टोपी आणि शेपूट लावायची विकरंही त्यांची स्वतःचीच. हे काम आपल्या पेशीत केंद्रकात चालतं, म्हणजे हे विषाणू केंद्रकासारखंच वागतात.

खरी मजा २०१७ मध्ये आली. स्यूडोमोनास जीवाणूत शिरलेला एक महाकाय फाज (जीवाणूंना ग्रासणारा विषाणू) आपल्या डीएनएभोवती प्रथिनांचं कवच उभारतो, असं दिसलं. ट्यूब्युलिनसारख्या (आपल्या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनासारख्या) प्रथिनाचे तंतू ते कवच ढकलत पेशीच्या मध्यावर आणून ठेवतात. डीएनएच्या नकला आत निघतात, प्रथिनं बनवणारे रायबोसोम बाहेर राहतात, प्रथिनं बाहेरच बनतात. आणि हे सगळं अशा पेशीत, जिला स्वतःचं केंद्रकच नाही! अशाच एका फाजच्या कवचामुळे जीवाणूची क्रिस्पर कात्री (घुसखोराचं डीएनए कापणारी यंत्रणा) फाजच्या डीएनएपर्यंत पोचत नाही, हेही पुढे कळलं. वाड्यात येताच पार्टिशन घालून आतून कडी लावणारा भाडेकरूच तो.

पण नुसत्या साम्यावरून नातं ठरत नाही. आपल्या केंद्रकाचं आवरण मेदाच्या दुहेरी पटलाचं असतं आणि ते आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याशी, सलग असतं. फाजचं कवच निव्वळ प्रथिनाचं. शिवाय महाकाय विषाणू यजमानाची जनुकं सर्रास पळवतात, त्यामुळे कोणी कोणाकडून काय घेतलं हे ठरवणं अवघड होऊन बसतं.

मला विचाराल तर केंद्रकापेक्षा मायटोकाँड्रियाकडे, पेशीच्या ऊर्जाघरांकडे, बघा. मायटोकाँड्रिया हे पूर्वीचे जीवाणू, यावर आता फारसा वाद नाही. मग त्यांचं आरएनए पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए बनवणारं विकर) जीवाणूच्या वळणाचं हवं ना? तसं नाही. आपल्या मायटोकाँड्रियातलं पॉलिमरेज टी-सेव्हन नावाच्या फाजच्या पॉलिमरेजचं भाऊबंद आहे. (कोविडच्या एमआरएनए लशी बनवायला टी-सेव्हनचंच वापरलं.) विषाणूकडून आलेला हा भाग आजही आपल्या पेशीपेशीत कामावर आहे, म्हणून केंद्रकाच्या कथेपेक्षा माझा यावर जास्त भरवसा. जेकोबिड नावाच्या काही एकपेशीय जीवांच्या मायटोकाँड्रियात मात्र जुन्या, जीवाणूच्या पॉलिमरेजची जनुकं अजून शिल्लक आहेत. म्हणजे ही अदलाबदल मायटोकाँड्रिया पेशीत स्थिरावल्यानंतरची.