ताण, तणाव आणि तण

एका वाचकाने तीन बातम्यांची कात्रणे पाठवून एक प्रश्न विचारला आहे. पहिली बातमी पुलांच्या पोलादाविषयी आहे, दुसरी रात्रपाळीच्या परिचारिकांच्या प्रकृतीविषयी आणि तिसरी अवर्षणात सापडलेल्या टोमॅटोविषयी. तिन्हींच्या मुळाशी इंग्रजीतला 'स्ट्रेस' आहे हे उघड आहे, आणि तिन्हींत त्याचे मराठी 'तणाव' असे केलेले आहे. हा एकच शब्द तिन्हीकडे चालेल काय, भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला 'प्रतिबल' का वापरू नये, आणि मग 'स्ट्रेन'ला काय म्हणावे, असे वाचकांचे तीन प्रश्न आहेत.

'तणाव' चालणार नाही. 'टोमॅटोच्या पिकावरील तणाव' हे वाक्य शेतकऱ्यापुढे वाचले, तर तो निमूटपणे खुरपे शोधू लागेल, कारण त्याच्या कानाला त्यात तण ऐकू येते. आणि तण हा तर 'तृण'पासून आलेला, ओढण्या-ताणण्याशी काडीचा संबंध नसलेला शब्द आहे. आपण आज वापरतो तो 'तणाव' हिंदीतल्या 'तनाव'ला ण लावून घेतलेला आहे. मराठीत जुना शब्द होता तो 'तणावा', म्हणजे तंबू उभा राहावा म्हणून खुंटीला बांधायची दोरी. तोही अरबी-फारसी 'तनाब'वरून आलेला, म्हणजे संस्कृत 'तन्'चा कोणी नव्हे. ती दोरी ताणलेली असते, हा निव्वळ योगायोग. सीमेवर, सभागृहात किंवा सासू-सुनेत, म्हणजे दोन पक्षांच्या मध्ये जो असतो, त्याला 'तणाव' म्हणायला माझी हरकत नाही, कारण तो आता रुळला आहे. पण एखाद्या वस्तूवर किंवा जिवावर जो पडतो, तो 'ताण'च. आणि 'ताणतणाव' हा जो जोडशब्द आरोग्यविषयक लेखांतून दर आठवड्याला भेटतो, त्यात दुसरा शब्द पहिल्यापेक्षा अधिक काय सांगतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

'ताण' आला तो 'तन्' या धातूपासून. या धातूचे कुटुंब एवढे मोठे आहे की सगळ्यांना एका पंगतीत बसवणे कठीण. ताणून बारीक झालेला तो तंतू, मागावर उभा ताणलेला तो ताणा, स्वर लांबवला की तान, वंश लांबवला की संतान; आणि धातूची तार ओढता येण्याचा जो गुण शाळेत 'तन्यता' म्हणून शिकवतात, तोही याच घरचा. युरोपातही याच धातूची भावंडे आहेत. रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगविषयीचा आपला नियम १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. त्या लॅटिन सूत्रातला पहिला नामशब्द 'तेन्सिओ' हा आहे. जसा ताण, तसे बल, असे त्याचे मराठी जवळजवळ शब्दशः होते. वैद्यकात पाहावे तर ग्रीक 'टेटानोस' म्हणजे ताणला गेलेला, आणि त्यावरून टिटॅनस. त्याच रोगाला आपण धनुर्वात म्हणतो. आपल्या वैद्यांना त्या रोग्याच्या देहात धनुष्य दिसले आणि ग्रीकांना त्याची ताणलेली दोरी दिसली, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

पण माझा खरा जीव जडला आहे तो बागाईतदारांच्या 'ताणा'वर. संत्री, मोसंबी आणि डाळिंबाच्या बागांत बहार धरायचा, तर आधी जमिनीच्या मगदुराप्रमाणे काही आठवडे पाणी तोडतात, म्हणजे वाढ थांबून झाड फुलोऱ्याकडे वळते. याला 'बागेला ताण देणे' म्हणतात, आणि आंबिया, मृग व हस्त हे तिन्ही बहार ठरतात ते हा ताण केव्हा दिला आणि केव्हा तोडला यावर. परिभाषेच्या समित्यांना हा शब्द दिसला नसेल असे नाही. तो शेतातला, म्हणून ढिला, असे मानून त्यांनी तो बाजूला ठेवला असावा. वस्तुतः तो त्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली असे मांडले की, उंच झाडात पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. पानांतून बाष्प उडाले की जलवाहिनीतल्या पाण्याचा अखंड स्तंभ दोरीसारखा ताणला जातो. हा ताण वातावरणाच्या दाबाच्या १० ते २० पटींपर्यंत सहज पोचतो, आणि माती कोरडी पडू लागली की आणखी वाढतो. म्हणजे पाणी तोडलेल्या संत्र्याच्या खोडात जे असते, त्याला अलंकाराने नव्हे, तर भौतिकशास्त्राच्या भाषेत अक्षरशः ताण म्हणावे लागते.

बागेतला हा शब्द मागावरून आला असावा, असा माझा तर्क आहे. ताणा ढिला असेल तर बाणा नीट बसत नाही; कोष्टी आधी ताणून घेतो आणि मगच वीण घालतो, तसा बागाईतदार आधी ताणतो आणि मग बहार घेतो. सहनशक्तीची परीक्षा पाहणे, एवढाच अर्थ लावून जे थांबतात, त्यांना 'देणे' या क्रियापदाचा उलगडा होत नाही. तारेला ताण देतात तो तिने वाजावे म्हणून, तिला शिक्षा म्हणून नव्हे. आणि झाडही वाजते! पाण्याचा तो स्तंभ अतिताणाने मध्येच तुटला की सूक्ष्म आवाज होतो, हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकातच कळले होते. २०२३ साली तेल अवीव विद्यापीठातल्या लिलाख हदानी यांच्या गटाने दाखवले की, पाण्याचा ताण बसलेली टोमॅटोची रोपे तासाला ३० ते ५० टिकटिक आवाज करतात, तर पाणी मिळालेली रोपे जवळजवळ गप्प असतात. हे आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झ कंप्रतेचे असल्याने आपल्याला ऐकू येत नाहीत. ताण आणि तान यांचे मूळ एकच आहे हे व्याकरणाने आधीच सांगितले होते. इथे टोमॅटोने त्यावर शिक्कामोर्तब केले, असे मी मानतो.

आता 'प्रतिबल'. हा शब्द घडवणाऱ्यांनी बाह्य बलाला पदार्थातून मिळणारा प्रतिकार लक्षात घेतला, हे ठीकच झाले. पण ही राशी बल नव्हेच, ती क्षेत्रफळाच्या एककावर विभागलेले बल आहे आणि तिचे एकक दाबाप्रमाणे पास्कल हे आहे. जो शब्द विद्यार्थ्याला पहिल्याच पायरीवर 'हे एक प्रकारचे बल' असे सांगतो, तो मला सदोष वाटतो. त्याच्या कैवाऱ्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे: पुलाचा खांब ताणला जात नाही, तो दाबला जातो, मग त्याच्यावर ताण कसा म्हणावा? काटेकोर गणितात हा मुद्दा मान्य; तिथे 'प्रतिबल' राहू द्यावा. पण बोलत्या मराठीत तिजोरीवर ताण पडतो, डोळ्यांवर ताण पडतो, आणि तिथे कोणी काही ओढत नसते. बातमी बोलत्या मराठीत लिहावी.

वाचकांचा 'स्ट्रेन'विषयीचा प्रश्न राहूनच जात होता. इंग्रजीतही हे दोन शब्द मुळात वेगळे नाहीत. आवळणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदाशी दोन्ही जाऊन पोचतात, आणि अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकात बाहेरचा भार व त्याने आत झालेला बदल अशी त्यांची वाटणी केली. वैद्यकात हान्स सेल्ये यांनी 'स्ट्रेस' हा शब्द शरीराच्या प्रतिसादासाठी रूढ केला, म्हणजे नेमका उलटा, आणि आपले इंग्रजी अधिक चांगले असते तर आपण 'स्ट्रेन'च म्हटले असते, अशी कबुलीही पुढे दिली. वनस्पतिशास्त्रात जेकब लेव्हिट यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात अभियंत्यांची वाटणी जशीच्या तशी उचलली. पाठ्यपुस्तकांतला 'विकृती' हा शब्द आकारातला बदल या मूळ अर्थाने निर्दोष आहे. पण परिचारिकांच्या बातमीत तो घातला, तर दुसऱ्या दिवशी संपादकांना दिलगिरी छापावी लागेल. तिथे 'ताणाचे परिणाम' असे लिहावे.